रुखवतातले नऊ मफलर

मनात धरून ठेवू नये, असं मला आजवर बऱ्याच जणांनी सांगितलं आहे. सांगणाऱ्यांपैकी एकाच्याही रुखवतावर भर मांडवात कुणी बोट ठेवलेलं नव्हतं. मी मनात धरलं, चांगलं एकोणीस वर्षं धरलं, आणि वेळ आल्यावर उट्टं काढलं. ते काढल्याची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती त्यातल्या एकाच गोष्टीची, आणि ती मी लपवणार नाही.

माझं माहेर पेणचं, रामवाडीतलं. बाबा एसटीत कंडक्टर होते. वस्तीच्या गाडीवर असले की महिन्यातले निम्मे दिवस घराबाहेर. आई दुपारी पापड लाटायला जायची, आणि मी शेजारच्या शिवणाच्या बाईंकडे विणकाम शिकायला. बाई कडक होत्या. त्यांनी मला सुया धरायला शिकवल्या तसंच एक खास काम शिकवलं. ओळीतला पहिला टाका विणायचा नाही, तसाच उचलून दुसऱ्या सुईवर घ्यायचा. म्हणजे कडेला बारीक साखळी पडते आणि कड अगदी पट्टीने आखल्यासारखी सरळ येते. रंग बदलताना धाग्याचं टोक आतल्या आत विणून टाकायचं, गाठ मारायची नाही. मग उलटी बाजू आणि सुलटी बाजू ओळखू येत नाही. पेणमध्ये तेव्हा असं विणणारं दुसरं कुणी नव्हतं.

रोह्याचं स्थळ आलं तेव्हा मुलगा बघायला आला आणि पोहे खाताना सारखा खोकत होता. धाटावच्या कंपनीत नोकरी, पहिल्या पाळीला पहाटे सायकलवरून नदीचा पूल ओलांडून जायचं, तिथे थंडीत धुकं असतं, असं त्याच्या आईने सांगितलं. कोकणात मफलर कशाला लागतो, असं घाटावरचे लोक विचारतात. त्यांनी डिसेंबरात कुंडलिकेच्या पुलावर पहाटे सायकल चालवून बघावी. त्या खोकल्यावरून मला रुखवतात काय ठेवायचं ते सुचलं. बाकीच्या मुली करंज्यांचे डोंगर आणि मण्यांची तोरणं ठेवायच्या. मी ठरवलं, सासरच्या प्रत्येक माणसाला एक मफलर.

माणसं नऊ होती. सासरे, सासू, थोरले दीर, जाऊ, थोरली नणंद, नंदोई, धाकटी नणंद, नवरा, आणि जावेची वर्षाची मुलगी. एवढ्या सगळ्यांना नवी लोकर कुठून आणणार? आईने ओळखीच्या घरांतून शाळेचे जुने स्वेटर मागून आणले. ते मी उसवले, लोकर भिजवली, लडीला खाली दगड बांधून वाळवली, म्हणजे तिचा कुरळेपणा जातो. कुठल्याच रंगाची लोकर पूर्ण मफलरभर पुरेना, म्हणून पट्टे घातले. तपकिरी, निळा, बाटलीचा हिरवा, मधे एक बारीक पांढरा. प्रत्येकाच्या पट्ट्यांची रचना वेगळी ठेवली. सासऱ्यांचे पट्टे रुंद, बाळाचे करंगळीएवढे. सहा महिने लागले.

लग्न पेणलाच झालं. मंगलाष्टकं झाल्यावर, जेवणाच्या आधी, वऱ्हाडातल्या बायका रुखवत बघायला आल्या. रुखवताला नावं ठेवायची असतातच, ती रीत आहे. लाडू मोजायचे, करंजी मोडून सारण बघायचं, हसायचं. मी खाली मान घालून बसले होते. जाऊ, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, कडेवर मूल घेऊन पुढे झाली. तिने सासऱ्यांचा मफलर उचलला, उलटा केला, सुलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"ह्यं हातचं नाय. यंत्राचं हाय. विकत आणून मांडलंय आणि वर चिठ्ठी नवरीच्या हातचं म्हणून."

बायका हसल्या. आमच्या बाजूच्याही दोघी हसल्या, त्यांची तोंडं मला आजही आठवतात. आईने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण आईच ती, तिचं कोण ऐकणार. बाई त्या दिवशी आजारी म्हणून आल्या नव्हत्या. आणि नवरीने बोलायचं नसतं. मी माझ्या पायाच्या जोडव्यांकडे बघत बसले.

हे एवढंच असतं तर कदाचित मी सोडूनही दिलं असतं. पण पाठवणीच्या वेळी बाबा मला बाजूला घेऊन गेले. त्यांच्या हातात अजून पानसुपारीचं तबक होतं. डोळे पुसत होते. मला वाटलं, काही समजुतीचं सांगणार. त्यांनी हळूच विचारलं, "खरं सांग, विकत आणलेस का तू? मी नाही रागावणार."

मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं की नाही, ते मला कधीच कळलं नाही. मी विणत असताना ते निम्मे दिवस घरी नसायचे हे खरं, पण बाकीचे निम्मे दिवस असायचे ना. जावेच्या एका वाक्याने माझ्या बापाने माझ्यावर संशय घेतला. चौथ्या वर्षी ते गेले. त्यानंतर कुणी कितीही वाहवा केली तरी जिथे ती पोचायला हवी होती तिथे पोचणार नव्हती, आणि त्याला जबाबदार एकच बाई होती. ती माझ्याच चुलीशी बसून भाकऱ्या थापत होती.

रोह्याच्या घरात त्या मफलरांचं काय झालं तेही सांगते. नवऱ्याने त्याचा वापरला, विरेपर्यंत वापरला, त्याबद्दल त्याला सगळं माफ आहे. सासूबाईंनी त्यांचा पेटीत ठेवला, कारण थोरल्या सुनेसमोर गळ्यात घालायची त्यांची छाती नव्हती. जावेने स्वतःच्या मफलरची चुंबळ केली आणि तिच्यावर पाण्याचा हंडा ठेवून ती दोन वर्षं माझ्या डोळ्यांसमोरून विहिरीवर जात-येत राहिली. मी चुंबळीतला तो बारीक पांढरा पट्टा ओळखायची. रोज.

पहिल्या माहेरपणाला मी बाईंकडे जाऊन रडले. त्यांनी मला रडू दिलं नाही. उलट मलाच फैलावर घेतलं. एक टाका चुकवायचा असतो गं, म्हणाल्या. कोपऱ्यात कुठेतरी, सहज दिसेल असा, सुलट्याच्या जागी एक उलटा. त्यात हात दिसतो. नाहीतर इतकं नेटकं काम लोकांना हातचं वाटत नाही. हे मी तुला सांगायचं राहिलं, असंही म्हणाल्या. त्यांचं सांगायचं राहिलं आणि माझा जन्म त्यात गेला, पण त्यांच्यावर मी राग धरला नाही. राग एका जागीच धरावा, म्हणजे पुरतो.

पुढे मी रोह्यात घरच्या ओटीवर विणकामाचा वर्ग काढला. कंपनीतल्या लोकांनी नवऱ्याचा मफलर बघून आपल्या बायका-मुलींना माझ्याकडे पाठवलं. खांब गावापासून मुली यायच्या, एक तर मोहल्ल्यातून यायची, तिच्या भावाला आखातात पाठवायला मफलर विणला तिने, तिथे वातानुकूलित खोलीत थंडी वाजते म्हणून. प्रत्येक मुलीला मी बाईंची कड शिकवली आणि प्रत्येकीला एक टाका चुकवायला शिकवलं. सगळ्या आळीला माहीत झालं की माझा हात कसा आहे. जावेलाही दिसत होतं. पण 'मी तेव्हा चुकले' एवढे तीन शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत. एका गणपतीत पाहुण्यांनी माझं काम वाखाणलं, तर ही मोदकाची पारी करता करता म्हणाली, व्हय, बाजाराच्या तोडीचं करते हां ती. मी हसून पाहुण्यांना मोदक वाढले. आत माझा नुसता जाळ झाला होता.

जावेची मुलगी मात्र माझी लाडकी होती. मला दोन्ही मुलगेच. ती दप्तर टाकलं की माझ्या ओटीवर यायची, लोकरीच्या गुंड्यांशी खेळायची. जाऊ तिला वर्गात बसू देत नसे, अभ्यासाची कारणं सांगून हाक मारून आत न्यायची. मुलगी वीस वर्षांची झाली, वडखळच्या एका घरात तिचं लग्न ठरलं. आणि एका दुपारी जाऊ माझ्या ओटीवर येऊन बसली. वडखळची माणसं हौशी आहेत, म्हणाली, रुखवत भारी हवं, सगळ्यांना मफलर द्यायचे मनात आहे, पोरीला शिकवशील का. हे बोलताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी लगेच हो म्हटलं. नवऱ्याने पेपर खाली करून माझ्याकडे निरखून पाहिलं. तो मला ओळखून होता.

चार महिने रोज संध्याकाळी ती माझ्याशेजारी बसून विणत होती. हात चलाख होता तिचा. मी तिला कड शिकवली, रंग बदलायला शिकवलं, आठ मफलर मी माझ्या डोळ्यांदेखत तिच्याकडून पुरे करून घेतले. फक्त टाका चुकवायचं शिकवलं नाही. वर्गातल्या सगळ्या मुलींना सांगितलेली गोष्ट मी माझ्या घरातल्या मुलीला सांगितली नाही, आणि ती विसरून नव्हे. एकदा तिचा आपणहून एक टाका चुकला. बारा ओळी पुढे गेल्यावर तिला दिसला. काकी, राहू दे का, कुणाला दिसणार नाय, असं तिने विचारलं. मी उसव म्हटलं. तिने बारा ओळी उसवल्या, पुन्हा विणल्या, आणि वर माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. मला तेव्हा वडखळच्या बायकांचे अंगठे त्या कडेवरून फिरताना दिसत होते.

लग्न मे महिन्यात, रोह्याला. अंगाची लाही होत होती आणि रुखवतात लोकरीचे आठ मफलर. जेवणाच्या आधी वरपक्षाच्या बायका आल्या. नवऱ्या मुलाची आत्या जाडजूड, बोलकी, पुढे झाली. तिने एक मफलर उचलला, उलटा केला, सुलटा केला. मी दोन हातांवर उभी होते. जावेच्या तोंडाकडे बघण्याच्या नादात मला आत्याचं पहिलं वाक्य ऐकूच आलं नाही. दुसरं आलं. हे इतकं सारखं हाताने व्हतं का गो कधी, दुकानातलं दिसतंय.

जावेचं तोंड उतरलं. उतरलं म्हणजे किती, ते मी नीट बघून घेतलं, घाई केली नाही. ओठ सुकले, पदर उगाच सारखा केला. एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या आईने जसं केलं तसंच ती घाईघाईने सांगू लागली, आणि तिचंही कुणी ऐकेना. मग ती माझ्याकडे वळली. सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या, कारण शिकवणारी मी आहे हे त्यांना ठाऊक होतं. जाऊ म्हणाली, "तूच सांग गो यांना. तुझ्यासमोर विणलंय तिनं."

मी म्हटलं, "मी शिकवलं एवढं खरं. विणलं कुणी ते मी कसं सांगू? माझ्यासमोर थोडंच विणलंय."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बरं वाटलं. नुसतं बरं नव्हे, गार वाटलं. जावेने माझ्याकडे जे बघितलं त्यात तिला सगळं आठवलेलं मला दिसलं. म्हणजे ती विसरली नव्हती, इतकी वर्षं फक्त तसं दाखवत होती.

पण मुलीनेही माझ्याकडे बघितलं. तिचा मी हिशेबच धरला नव्हता. मुंडावळ्यांमधून ती माझ्याकडे बघत होती आणि तिला काही समजत नव्हतं. तिने माझं काय केलं होतं? मला हसले तेव्हा ती आईच्या कडेवर अंगठा चोखत होती. मला वाटलं, आता ही मान खाली घालेल. मी घातली होती तशी.

तिने घातली नाही. उठून उभी राहिली, मैत्रिणीला म्हणाली, माझ्या खोलीतून सुयांची पिशवी आण. बायका कुजबुजल्या, नवरी बोलतेय म्हणून. पिशवी आली. तिने शालूचा पदर खोचला, रुखवताच्या टेबलाशेजारीच खुर्ची ओढून बसली, चाळीस टाके घातले आणि विणायला लागली. हिरव्या चुड्यामुळे सुया अडत होत्या तर तिने बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या. ओळीतला पहिला टाका न विणता उचलला. एक निळा पट्टा, मग टोक आतल्या आत विणून पांढरा. पंगतीत बसलेली माणसं उठून बघायला आली. नवरा मुलगाही आला आणि तिच्या मागे उभा राहिला. दुसरा पट्टा संपत आला तेव्हा त्या आत्याने खाली वाकून कडेवरून अंगठा फिरवला आणि तिच्या सुयांवर हात ठेवला. पुरे गो पोरी, म्हणाली, माझीच चूक झाली. आणि भर मे महिन्यात त्या बाईने टेबलावरचा एक मफलर उचलून स्वतःच्या गळ्यात घातला. सगळे टाळ्या वाजवून हसले. माझं एकोणीस वर्षांचं उट्टं पाऊण तासही टिकलं नाही.

भांडी आवरताना कोठीच्या खोलीत जाऊ आणि मी दोघीच होतो. तिने मला विचारलं, "झालं तुझं समाधान?" मी तिला म्हटलं, नाय. ते खरंच होतं. तिने पुढे काही विचारलं नाही, माफी मागितली नाही, आणि मीही मागितली नाही. आम्ही दोघींनी मिळून पातेली मोजून आचाऱ्याला परत दिली.

जावेच्या बाबतीत मला आजही काही वाटत नाही. तिला जे मिळालं ते थोडंच मिळालं. पण रात्री अंथरुणावर पडलं की बाबा आठवतात. त्यांनी निदान विचारलं होतं. त्यांना माहीत नव्हतं म्हणून विचारलं. मला तर एकेक ओळ माहीत होती, आणि तरी मी त्या मुलीला खोटी पाडली. जी गोष्ट माझ्या बापाने अजाणता केली ती मी जाणूनबुजून केली. लाज म्हणतात ती हीच.

पाठवणीला ती सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. माझ्या पाया पडली आणि पुढे गेली.

पहिल्या संक्रांतीनंतर ती माहेरपणाला आली, जावईबापूंबरोबर. पिशवी भरून मफलर आणले होते, घरातल्या प्रत्येकाला एक. सासूबाई तोवर थकल्या होत्या, त्यांच्या खांद्यावर तिने स्वतः घातला. आजोबांना दिला, बापाला दिला, आईला दिला, माझ्या नवऱ्याला दिला, माझ्या दोन्ही मुलांना दिला. पट्टे सुरेख होते. कड माझीच होती, म्हणजे बाईंची. एकेकाला देत ती माझ्यापर्यंत आली, वाकून तिळगूळ हातावर ठेवला, आणि पिशवी रिकामी झाली होती.

मला वाटलं चुकून राहिला असेल. मी हसतच विचारलं, माझा कुठाय गो?

"तुला विणणार होते काकी," ती म्हणाली. "पण मीच विणलाय हे तू कसं सांगणार?"

रागाने म्हणाली असती तर मी भांडले असते. भांडण मला जमतं. ती अगदी सरळ आवाजात म्हणाली आणि आजीच्या गळ्यातला मफलर नीट करायला वळली. जाऊ दारात उभी राहून ऐकत होती, पण ती हसली नाही, हे तिच्याबद्दल सांगायला हवं.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ती दर थंडीत येते, घरात नवी सून आली तर तिला, नातवंडं झाली तर त्यांना, सगळ्यांना मफलर देते. आमच्या घरात मफलर नसलेली मी एकटी आहे. मी स्वतःसाठी विणू शकते, अर्ध्या आठवड्याचं काम आहे, पण विणत नाही. मी वाट बघते. मी वाट बघते हे तिला पक्कं ठाऊक आहे, आणि ती देणार नाही, कारण माझ्याच हाताखाली शिकली आहे.